गाळातली बाही

मंजुषानं विचारायला पाहिजे होतं. बस, एवढंच. शर्ट हवा होता तर तोंड होतं, तोंडात जीभ होती. बालवाडीतल्या पोरांना इंग्रजी गाणी शिकवताना तीच जीभ कशी सुरसुर चालते. मग सासूसमोर उभं राहून 'आई, शर्ट नेते' एवढं म्हणायला काय लकवा भरला होता? मनकर्णाबाई आर्वी रोडच्या कोपऱ्यावर, बंद पानठेल्याच्या आडोशाला उभी होती. हातात डबा, डोक्याला दुपट्टा, पायात जुने कॅनव्हासचे बूट. दर उन्हाळ्यात ती अशीच उभी राहायची आणि तलावावर कामाला जाणाऱ्या बायांना नेणारी तानबाची गाडी तिच्यासमोर अशी येऊन थांबायची जसा बैल दावणीला येतो. आज गाडी आली, जरा हळू झाली, तानबानं हॉर्न दिला, आणि गेली. आतल्या सगळ्या बाया समोर पाहत होत्या. सगळ्याच एकदम शहाण्या झालेल्या. आणि तानबाच्या मागची खिडकीची जागा, जिच्यावर मनकर्णाबाईशिवाय कोणाचं बूड टेकलं नव्हतं, तिथं तिच्या नवऱ्याचा, रूपरावांचा राखाडी शर्ट बसला होता. शर्टात मंजुषा होती. मान खाली घातलेली, पण मनकर्णाबाईनं पहिल्यांदा शर्ट पाहिला, सून नंतर.

गाडीची धूळ बसली तरी ती तिथंच उभी राहिली. पिपरी मेघेत आता सकाळीच दुधाच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या गाड्यांची गर्दी असते. कोणी थांबून विचारत नाही की बाई, काऊन उभी हायेस. नाही विचारलं ते बरंच. विचारलं असतं तर काय सांगणार होती, माझा नवरा गाडीत बसून गेला? पहाटे तिनं दाराआडच्या खुंटीला हात घातला होता आणि हाताला नुसता खिळा लागला होता, थंड. तेव्हा वाटलं, धुवायला टाकला असेल. शर्ट धुवायला टाकणाऱ्याचे हात तिनं मोडले असते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, तरी तसंच वाटलं. माणसाला जे पाहायचं नसतं त्याच्यापुढं मन असं घाईघाईनं काहीतरी आणून ठेवतं, पाहुण्यापुढं पाण्याचा गिलास ठेवावा तसं. आता कळत होतं की मंजुषा तिच्याही आधी उठली होती, चुलीशी आवाज न करता, मांजरीसारखी. आणि जाऊ नको असं सांगितलं कोणी? अंकुशनं. पोरगा आहे, पण बोलायची हिंमत जेवताना, तेही ताटात पाहत. 'आई, यंदा तलावावर नको जाऊ, तुहा गुडघा पाह्य.' त्यावर ती म्हणाली होती, 'बरं.' तिच्या 'बरं'चा अर्थ ऐकलं असा होतो, मानलं असा होत नाही. हे रूपरावांना तीस-बत्तीस वर्षांत कळलं नव्हतं आणि अंकुशला या जन्मात कळणार नव्हतं. पण भात वाढता वाढता मंजुषाचा हात थांबला होता. त्या थांबलेल्या हाताकडे तेव्हाच पाहायला हवं होतं. मंजुषाला त्या 'बरं'चा अर्थ कळला होता.

कोपऱ्यावरून घर दिसत होतं, वरच्या मजल्यावरची तिची साडी वाळत घातलेली. परत जायला चार ढेंगा. ती उलटी वळली आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागली. गुडघ्यानं पहिल्याच पावलाला तक्रार केली. 'चूप,' ती त्याला म्हणाली, आणि शेजारून जाणाऱ्या कॉलेजच्या पोरीनं दचकून फोन कानाशी लावला.

आर्वीच्या एसटीत खिडकी मिळाली, पण ही खिडकी ती नव्हे. गरम वारं तोंडावर येत होतं, शेतं उघडी पडलेली, कुठंकुठं उपटायच्या राहिलेल्या पऱ्हाट्या काळ्या काड्यांसारख्या उभ्या. कपाशी निघून गेली की जे उरतं ते असं दिसतं. तलावही असाच उघडा पडतो, चैत-वैशाखात, पाणी मागं मागं सरकतं आणि काठाला गाळाचा पट्टा मोकळा होतो. मग त्या पट्ट्यावर पाखरं अंडी घालतात आणि त्याच पट्ट्यावर बेशरम चढून येते. जांभळट गुलाबी फुलं, पोकळ दांडा, ढोर तोंड लावत नाही, बकरी खाईल तर थरथरून पडेल. पहिल्या वर्षी जंगल खात्याचा माणूस बायांना घेऊन गेला तेव्हा सगळ्यांनी विळे काढले आणि सपासप कापली. मनकर्णाबाई सगळ्यांच्या पुढं होती. तिला आवडलं होतं ते कापणं, दुधाळ चीक हातावर उडत होता आणि मागं उघडा पट्टा पडत होता, जसा कोणी घर झाडून काढतंय. दिवाळीत कोणीतरी सांगत आलं की तलाव गुलाबी झालाय. कापलेला एकेक तुकडा ओल्या गाळात पडला होता तिथं रुजला होता. एकाची दहा झाली होती. तेव्हापासून त्यांची रीत बसली: सब्बलीनं म्हणजे पहारीनं मूळ हलवायचं, दोघींनी मिळून उपटायचं, गाळात काही टेकवायचं नाही, हातोहात पाळीवर, तलावाच्या बांधावर न्यायचं आणि दगडावर मुळं आभाळाकडे करून वाळत ठेवायचं. पाखराचं अंडं दिसलं तर 'घर हाय!' म्हणून हाळी द्यायची, म्हणजे सगळ्या बाया जागच्या जागी थिजतात, आणि घराशेजारी पऱ्हाटीची वाळकी काडी रोवून तिला चिंधी बांधायची. पऱ्हाटीचीच. एका वर्षी एका नव्या बाईनं हाताशी होती म्हणून बेशरमचीच काडी रोवली, प्रत्येक घरापाशी एकेक, मोठ्या काळजीनं. पावसाळ्यानंतर प्रत्येक घराच्या जागी एक झुडूप. त्या बाईला गँगमध्ये अजून 'लावणीवाली' म्हणतात. पुढच्या वर्षापासून ती आलीच नाही. मनकर्णाबाईनं तिला बोलावलंही नाही.

या गोष्टी तिनं घरी सांगितल्या नव्हत्या असं नाही, पण घरी सांगताना त्या लहान व्हायच्या. अंकुश म्हणायचा, 'उपटता ना तुम्ही झाडं?' जणू ती कोणाच्या परसातलं गवत काढते. ती स्वतः दुसरी पास होता होता तिला भाऊ झाला आणि पाळण्याची दोरी हातात आली. त्यानंतर तिच्या हाताखाली कोणी चार माणसं दिली ती या तलावानंच. पाळीवरून ती आवाज द्यायची आणि खाली पंधरा-वीस पाठी एकदम वाकायच्या. कापसाच्या जिनिंगमध्ये रूपरावांच्या हाताखालीही माणसं होती. ते घरी येऊन खाकरले तरी त्यात तो हिशेब असायचा, मी सांगतो आणि लोक ऐकतात. ते गेले तेव्हा कपडे वाटून टाकले, चपला नदीवर सोडल्या, एक हा शर्ट राहिला. कोणी विचारलं तर ती म्हणायची, 'चिखलाच्या कामाले चांगला हाय.' कॉलरपाशी धागे निघाले होते, डाव्या हाताचं बटण तिनं स्वतःच्या झंपरचं काढून लावलं होतं, हिरवं. पहिली काही वर्षं शर्टाला तंबाखूचा आणि सरकीच्या तेलाचा वास यायचा. मग गाळाचा यायला लागला. कधी बदलला ते कळलं नाही. एके दिवशी तिनं कॉलरला नाक लावलं आणि आत तलाव होता, माणूस नव्हता; आणि तिला वाईट वाटण्याच्या ऐवजी एक विचित्र निश्चिंती वाटली, जसं दोघांचंही बदलीचं गाव एकच निघालं. तो शर्ट अंगात घातला की ती सासू नव्हती, विधवा नव्हती, कोणाची आई नव्हती. तो आज दुसऱ्याच्या अंगात होता आणि ती हिरव्या लुगड्यात एसटीत बसली होती, कोणीही म्हणेल, म्हातारी दवाखान्यात निघाली.

आणि मागच्या वर्षीचं. ते तिच्या आत अजून ओलं होतं. तलावाच्या वळणापाशी गाळ वरून वाळलेला दिसत होता, पापड फुटल्यासारखा. तिनं पाय टाकला आणि पाय गेला. मग दुसरा. मांडीपर्यंत. गाळ ओढत नाही, लोक उगीच म्हणतात. गाळ फक्त सोडत नाही. टिटव्या डोक्यावर ओरडत फिरत होत्या आणि त्या ओरडण्याच्या आत एक मोठी शांतता होती. अशा वेळी माणसाला देव आठवतो म्हणतात, नवरा आठवतो. तिला आठवलं की सकाळी दह्याचं भांडं झाकायचं राहिलं आहे. तिला वाटलं, मी इथं राहिले तर त्या दह्यावर माशी बसेल. एवढंच. तो विचार इतका स्वच्छ होता की त्याचीच भीती वाटली. गँगमधल्या शोभाबाई आणि देवकाबाई लुगडी सोडून, फळी टाकून, पालथ्या पडून तिला ओढत होत्या आणि वर आल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते हे, 'घरी सांगसान तं एकेकीची जीभ हासडीन.' कोणी सांगितलं नाही, असं तिला वर्षभर वाटत होतं. आता एसटी खड्ड्यातून उसळली आणि तिला मंजुषाचा तो थांबलेला हात पुन्हा दिसला. मंजुषाला कोणीतरी सांगितलं होतं. वर्षभर ही पोरगी ते पोटात घेऊन तिच्यासमोर चहाचा कप ठेवत होती. एक शब्द नाही. मनकर्णाबाईला हे आवडत नव्हतं. सुनेनं भांडावं, आदळआपट करावी, माहेरी फोन लावून रडावं. त्यावर उपाय असतो. ही मंजुषा आल्यापासून भांडी लखलखीत, पोळी पातळ, बोलणं गोड, आणि तिच्यात चूक सापडत नाही अशी सून म्हणजे कडी नसलेलं दार, कुठून धरायचं तेच कळत नाही. आज कडी सापडली होती. ती घट्ट धरून ती फाट्यावर उतरली.

फाट्यापासून तलाव लांब नव्हता, पण ऊन चढलं होतं आणि गुडघा आता उघड उघड लंगडत होता. पाळीची चढण ती हातांनी मांडी दाबत चढली. वर आली आणि वारं लागलं. पाणी दूर चकाकत होतं, पाण्याच्या कडेला बगळे, अलीकडे भेगाळलेल्या गाळाचा पट्टा आणि पट्ट्यावर बाया. पलीकडच्या काठाला मागच्या वर्षी मशीन लावलं होतं, तिकडं हिरव्याची भिंत उभी होती, आधीपेक्षा दाट. मशीननं तुकडे करून करून पेरली होती, खालची घरं चिरडून. या काठालाही बाया कमी पडल्या तर मशीन आणू, असं जंगल खात्याचे साहेब सांगून गेले होते. मनकर्णाबाईनं सवयीनं डोकी पाहिली. पुरी होती. तिच्याशिवाय पुरी. तिनं मनात ठरवलं होतं की आपण नसल्यावर काम विस्कटलेलं दिसेल, बाया सावलीत बसलेल्या असतील, शोभाबाईचा आवाज पोचत नसेल. काम नीट चाललं होतं. दगडांवर मुळं आभाळाकडे करून बेशरम वाळत होती. आणि मग वळणापाशी, जिथं मागच्या वर्षी तिचा पाय गेला होता तिथं, तिला काड्या दिसल्या. एक, दोन, कितीतरी. गाळात रोवलेल्या उभ्या काड्या आणि त्यांच्यात वाकलेला राखाडी शर्ट.

'लावणी करून राह्यली,' ती मोठ्यानं म्हणाली. 'माह्या तलावात लावणी करून राह्यली!' आणि तिला जे वाटलं तो राग होता, पण रागाच्या खाली, खरं सांगायचं तर, सुख होतं. सापडली. ती पाळ उतरू लागली. बोलायची वाक्यं आपोआप रांगेत उभी राहत होती, धार लावलेली. बालवाडीचं इंग्रजी, न विचारता उचललेला शर्ट, खिडकीची जागा, सगळ्यांना त्यात जागा होती. बायांनी तिला पाहिलं. एकेक पाठ सरळ झाली.

'आली बाप्पा,' देवकाबाई म्हणाली.

'मी म्हणलं होतं नं, दुपारपर्यंत येते म्हणून,' शोभाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. 'काय वं मनकर्णाबाई, गाडी चुकली का?'

'गाडी नाई चुकली शोभे. मान चुकली तुमची सगळ्याईची. समोर पाहून राह्यल्या होत्या, जशी समोर जत्राच भरली.'

'तुह्याकडं पाह्यलं असतं तं तू उडी मारून टपावर बसली असतीस.'

बाया हसल्या. मनकर्णाबाई हसली नाही. ती गाळाच्या कडेपर्यंत गेली, आणि तिथून पुढं पाय टाकणार तेवढ्यात मंजुषानं हात वर केला. 'आई, तथीच थांबा. समोर ओला हाय.' शुद्ध बोलणारी पोरगी. गाळात उतरल्यावर तिची भाषाही उतरली होती. चेहरा चिखलानं माखलेला, ओठ वाळलेले. मनकर्णाबाई थांबली. सुनेच्या सांगण्यावरून नाही. बूट खरंच बुडाला होता. आणि थांबल्यावर तिला जवळची काडी नीट दिसली. काळी. वाळकी. फांद्या तोडलेली. पऱ्हाटी होती. दुसरीही. सगळ्याच. पाळीमागच्या वावरातून उपटून आणलेल्या. ती रांगेत उभी केलेली वाक्यं एका क्षणात कुठं गेली कळेना. मग तिनं चिंधी पाहिली. काडीच्या टोकाला राखाडी चिंधी बांधलेली, आणि तिच्यावर एक हिरवं बटण.

तिनं हात पुढं करून ते बटण धरलं. ऊन लागून तापलेलं. शर्टाकडे पाहिलं, डावी बाही खांद्यापासून नव्हती. मंजुषाचा दंड उघडा, उन्हानं लाल झालेला.

'ओढणी बांधून पाह्यली पहिले,' मंजुषा म्हणाली. 'लाल हाय. पाखरू येत नव्हतं अंड्यावर, दुरूनच ओरडे. ऊन केवढं, अंडी तापून राह्यलती. शोभाकाकू म्हणे, थे शर्टाले ओयखतात, दरसाल पाहतात नं. म्हणून मंग... फाडली. घरं लय निघाली यंदा, याच कोपऱ्यात. एक बाही पुरली नाई.'

'आन जागा?' मनकर्णाबाई म्हणाली. मंजुषालाच ऐकू जाईल इतक्या आवाजात. 'माह्या जागेवर बसली ते?'

'रिकामी ठेवली असती तं साहेबानं मशीन बोलावली असती. दुसरी बाई आणली असती तं जागा तिची झाली असती.' मंजुषानं चिखलाच्या मनगटानं नाक पुसलं. 'तुमची राहावं म्हणून बसली. इचारलं असतं तं तुम्ही येऊ देलं असतं का?'

काडीजवळच्या उघड्या गाळावर, जिथं काहीच नव्हतं असं वाटत होतं, तिथं एक टिटवी येऊन उभी राहिली होती. एक पाय उचलून. चिंधी वाऱ्यानं हलली, तिनं मान वाकडी करून चिंधीकडे पाहिलं, मनकर्णाबाईकडे पाहिलं, आणि पोट हलवत हलवत खाली बसली. गाळाच्या रंगाची अंडी पोटाखाली गेली. मनकर्णाबाईला वाटलं, रूपराव. ज्या माणसानं जिवंतपणी आपली उशी मेव्हण्याला दिली नाही, तो पाखराला बाही देऊन बसलाय. तिला त्या वळणाच्या गाळाकडे पाहवत होतं. वर्षभरात पहिल्यांदा. तिथं आता तिचं दह्याचं भांडं नव्हतं, काड्या होत्या. आणि आपल्याला तिथं उतरायचं नाही हे तिला गुडघ्यानं नाही, अंकुशनं नाही, कोणी न सांगता कळलं. जसं संध्याकाळ झाली हे कळतं. त्यात हार वगैरे काही नव्हती. पाळीवरून आवाज अजून पलीकडच्या काठापर्यंत जात होता, मघाशी तिनं स्वतः ऐकला होता.

तिनं बटण सोडलं. दुपट्टा सोडून पुन्हा घट्ट बांधला. मागं वळून पाळीवरचा उंच दगड पाहून ठेवला, जिथून सगळा पट्टा दिसतो. मग सुनेकडे वळली, आणि साऱ्या बायांना ऐकू जाईल अशा, तिच्या नेहमीच्या आवाजात बोलली:

'आयक मंजुषा. न इचारता शर्ट नेला, थे चोरीच हाय, मी काई माफ नाई करत. पण फाडायचाच होता तं एकच बाही फाडून काऊन थांबली? अर्धवट काम नको करू, दुसरी फाड, तिकडं दोन घरं उघडी दिसून राह्यली मले इथून. उद्यापासून गाळात तू उतरजो. पाळीवर मी. आन गाडीत खिडकी माही हाय, तू मधात बसजो. अंकुशले सांगशीन तं जीभ हासडीन.'